यशोदाआक्काच्या पुड्या

मित्रांनो, कुरुळी गावात पुतळाबाईच्या अंगणात काळ्या दगडाचा एक खल पडलेला आहे. कोंबड्या त्यात पाणी पितात. तो खल म्हणजे मी. माझा बत्ता दोन वर्षांपूर्वी गेला. बत्त्यावाचून खल म्हणजे नुसती दगडाची वाटी, तिला कोण विचारतो? पण मी नेहमीच असा नव्हतो. माझ्या पोटात कुटलेल्या औषधाने कितीतरी माणसं बरी झाली. आणि एक माणूस गेलं. त्या एका माणसाबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे.

मला तळेगावच्या बाजूच्या एका पाथरवटाने घडवलं. आठ दिवस तो माझं पोट घासत होता. त्याच्याकडून मला एका वैद्यबुवांनी विकत घेतलं. तीस वर्षं मी त्यांच्या ओसरीवर होतो. सुंठ, हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध असं पुष्कळ काही माझ्यात कुटलं गेलं. वैद्यबुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा उद्धवराव डॉक्टर होऊन आला होता. त्याने चिंचवडला दवाखाना काढला. वडिलांची आठवण म्हणून मला सोबत नेलं आणि औषधांच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं.

ते दिवस मोठे धामधुमीचे होते. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहत होता. सातारा, नगर, कोकणातून माणसं कामाला येत होती. नव्या चाळी, ओल्या भिंती, सिमेंटची धूळ. सकाळी भोंगा वाजायच्या आधीच दवाखान्याच्या पायरीवर रांग लागलेली असायची. डॉक्टर आत तपासायचे आणि बाहेरच्या खोलीत कंपाउंडर चिमाजी औषधं बनवायचा.

चिमाजी सत्तावीस वर्षांचा होता. अंगाने किरकोळ, पण हात मोठा स्वच्छ. गोळी कुटायची तर पीठ इतकं बारीक करायचा की फुंकर मारली तर उडून जावं. काम झालं की मला गरम पाण्याने धुवायचा आणि उन्हात पालथा घालायचा. "चिमाजी, तुझ्या हाताला गुण आहे रे," असं डॉक्टर म्हणायचे, तेव्हा तो लाजायचा आणि मला आणखी एकदा पुसायचा.

तो याच कुरुळीचा. आईबाप लहानपणीच गेलेले. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठ्या बहिणीने, यशोदाआक्काने, त्याला वाढवलं. ती लग्न होऊन गावातल्या गावातच गेली आणि भावाला घेऊनच सासरी गेली. पुढे नवरा वारला. तिने कांद्याच्या रानात खुरपणं केलं, चिमाजीला सातवी पास केलं. या सगळ्या गोष्टी मला ठाऊक, कारण गोळ्या कुटता कुटता तो स्वतःशी बोलायचा. आक्काला सांधेवात झाला होता. दोन्ही हातांची बोटं सुजून वाकडी व्हायला लागली होती. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास मूठ वळत नसे.

"आक्काला भाकरी थापता यायला लागली की मगच मी लग्न करणार," असं तो म्हणायचा.

छप्पन साली दवाखान्यात एक नवी बाटली आली. आत लहान पांढऱ्या गोळ्या, मधोमध एक रेघ. त्या गोळ्यांची जातच निराळी होती. त्याच जातीचं मलम यायचं, ते सिमेंटने हात उतलेल्या गवंड्यांना डॉक्टर पातळ लावायला द्यायचे. डोळ्यात टाकायचे थेंब यायचे. एका सुताराचा गुडघा सुजला होता, त्यात डॉक्टरांनी सुईने तेच औषध भरलं, आणि चौथ्या दिवशी तो सुतार जिना चढून आला. सगळ्यांना वाटलं, जादूच झाली.

एकदा कारखान्यात लेथवर काम करणारे दौलतराव आपल्या मुलीला कडेवर घेऊन आले. कुसुम तिचं नाव, वय सात. दम्याने तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आधीच्या औषधाने उतार पडला नव्हता. डॉक्टरांनी चिमाजीला हाक मारली.

"नव्या बाटलीतल्या गोळ्या घे. कूट आणि साखरेत मिसळून पुड्या बांध. पाच दिवसांच्याच. सहावा दिवस नाही."

मी त्या दिवशी पहिल्यांदा ती गोळी चाखली. कडूजहर. चिमाजीने जीव लावून ती कुटली. तिसऱ्या दिवशी कुसुम स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली आणि दौलतरावांनी डॉक्टरांचे पाय धरले.

"डॉक्टरसाहेब, हे अमृत आहे. आणखी महिनाभर द्या, म्हणजे पुन्हा दमा येणारच नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. चिमाजी दारात उभा होता. पुढचं बोलणं त्यानेही ऐकलं आणि मीही.

"दौलतराव, असं बघा. हे द्रव्य आपलं शरीर स्वतः बनवतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, तिथे त्याची चूल पेटलेली असते. आता रोज बाहेरून जेवणाचा डबा यायला लागला तर घरात चूल कोण पेटवील? ती विझते. महिनोन् महिने डबा आला आणि एके दिवशी एकदम बंद झाला तर माणूस उपाशी मरेल. त्यातून ताप आला, अपघात झाला, तर शरीराला हेच द्रव्य जास्त लागतं, आणि घरात तर काहीच नाही. म्हणून हे औषध थोडे दिवस द्यायचं. फार दिवस द्यावं लागलंच तर जिना उतरतात तसं एकेक पायरी कमी करत यायचं. उडी मारायची नाही."

"आणि जास्त दिवस घेतलं तर?"

"तोंड गोल होतं, भूक खवळते, झोप जाते. पोटात जखम होते. लघवीत साखर येते, हाडं ठिसूळ होतात. छातीत जुना क्षय दडलेला असेल तर तो जागा होतो. तुमच्या पोरीला यातलं काही व्हायला नको, म्हणून पाच दिवस."

दौलतरावांना ते पटलं. चिमाजी मात्र बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिला.

दुपारी त्याने डॉक्टरांना विचारलं, "साहेब, माझ्या आक्काच्या बोटांना या गोळीचा गुण येईल का?"

"येईल. पण तिला इथे घेऊन ये. आधी तपासतो, लघवी बघतो, छाती बघतो. मग अगदी थोडी सुरू करू, आणि दर पंधरा दिवसांनी तिने मला दाखवायला यायचं."

चिमाजी आनंदाने गावी गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. आक्का यायला तयार नव्हती. तिचा नवरा तापाने आजारी असताना कुठल्याशा डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि त्याच रात्री तो गेला होता. आजार मोठा होता, गोळ्यांचा काही दोष नसेल. पण तिच्या मनात ते घट्ट बसलं होतं. डॉक्टरी गोळी तोंडात घालायची नाही म्हणजे नाही.

त्याच महिन्यात दवाखान्यात चिनी मातीचा पांढराशुभ्र खल आला. डॉक्टरांनी मला उचलून चिमाजीच्या हातात दिलं. "हा तू घेऊन जा. तुझ्या हातानेच तो इतका गुळगुळीत राहिलाय."

मित्रांनो, माझी कदर झाली म्हणून मी खूश झालो. चिमाजी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून भोसरी, मोशी करत कुरुळीला घेऊन आला. त्याच्या खिशात एक बाटली होती. पुण्याच्या औषधवाल्याकडे तो दवाखान्याची यादी घेऊन जायचा. त्या यादीत त्याने स्वतःच्या पगारातून एक बाटली वाढवली होती.

आक्का शेजारी जावेकडे गेली होती तेव्हा त्याने मला चुलीजवळ ठेवलं. सुंठ कुटली, ज्येष्ठमध कुटलं आणि त्यात त्या पांढऱ्या गोळ्या टाकल्या. रोजच्या दोन गोळ्यांची एक पुडी, अशा दोन आठवड्यांच्या चौदा पुड्या बांधल्या.

आक्का आली. गोरीपान, उंच, डोक्यावरचा पदर दोन्ही तळव्यांनी सावरणारी, कारण बोटं मिटत नव्हती.

"काय आणलंस रं चिमा?"

"वैद्याची पुडी हाय आक्का. सुंठ आन ज्येष्ठमध. सांध्यावर लई चांगली."

"डागदराचं न्हाई ना?"

"न्हाई."

तिने पुडी जिभेवर टाकली आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय गं बया! पर तू आणलीस म्हंजी घ्यायलाच पायजे."

पुढच्या गुरुवारी, दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, चिमाजी आला तेव्हा आक्का उंबऱ्यातच उभी होती. तिने त्याच्यापुढे हात धरला आणि मूठ वळून दाखवली. मग आत गेली आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा तिने भावासाठी स्वतःच्या हाताने भाकरी थापली. भाकरी जराशी वाकडी झाली. चिमाजी ती खाता खाता रडत होता आणि आक्का म्हणत होती, "आरं, मीठ कमी हाय का काय?"

तो आनंद खोटा नव्हता, मित्रांनो. मी चुलीपाशी होतो, मी तो पाहिला. म्हणून चिमाजीला वाईट माणूस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीही एकेक करून खऱ्या व्हायला लागल्या. तीन महिन्यांत आक्काचा चेहरा भरला. गाल गोल झाले, इतके की डोळे बारीक दिसायला लागले. गावाला ते बाळसं वाटलं. शेजारची जाऊ पुतळाबाई म्हणाली, "यशोदाबाई, आता खरी पाटलीण दिसायला लागली तू." आक्का हसली. तिला सारखी भूक लागायची. पोटात जळजळायचं, म्हणून ती ताक पीत राहायची. पहाटेच जाग यायची आणि ती अंगण झाडून काढायची. हाताला जरा काही लागलं की निळं-जांभळं पडायचं. ती म्हणायची, वय झालं.

चिमाजी हे सगळं बघत होता. त्याला प्रत्येक खुणेचं नाव माहीत होतं. एका गुरुवारी पुड्या बांधताना तो थांबला. निम्म्याच घालाव्यात म्हणून त्याने निम्म्या गोळ्या परत बाटलीत टाकल्या. तेवढ्यात बाहेर आक्का जात्यावर बसून ओवी म्हणायला लागली. पूर्वी तिला जात्याचा खुंटा धरता येत नव्हता. त्याने परत घातलेल्या गोळ्या पुन्हा काढल्या आणि माझ्यात टाकल्या.

गावात पुडीचं नाव झालं. बिरू धनगराला जुना दमा होता. मेंढरांमागे चालताना त्याला दर शेताच्या बांधावर बसावं लागायचं. तो आक्काच्या दारात येऊन बसला. "चिमाजीभाऊ, मला बी दे की रं ती पुडी." चिमाजी नाही म्हणाला. बिरू पुढच्या गुरुवारी आला. त्याच्या पुढच्याही आला. शेवटी आक्काच म्हणाली, "आरं, दे की. एवढा कसला ताठा तुला?" आणि चिमाजीने दिली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

असे पंधरा महिने गेले.

सत्तावन्न साली उन्हाळा संपता संपता फ्लूची साथ आली. मुंबई, पुणे, सगळीकडे तापाने घरंच्या घरं आडवी झाली. चाळींत तर एका खोलीत सात-सात माणसं पडलेली. चिंचवडच्या दवाखान्याची गुरुवारची सुट्टी बंद झाली. चिमाजी सकाळपासून दिवे लागेपर्यंत औषधाच्या बाटल्या भरत होता, आणि मग तो स्वतःच तापाने पडला. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. इकडे आक्काची शेवटची पुडी संपली.

पुढे बिरूने पुतळाबाईला सांगितलं तेव्हा मला कळलं की चिमाजीला तापातही पुड्यांची आठवण होती. पण बाटली कोणाजवळ पाठवणार? काय सांगून पाठवणार? गुपित एकट्याचं होतं, तर ते वाहायलाही तो एकटाच होता.

पुड्या संपल्याच्या तिसऱ्या दिवशी आक्काला उठवेना. सांधे परत धरले. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यातच तिला फ्लूचा ताप भरला. मग उलट्या सुरू झाल्या. पुतळाबाईने पेज करून दिली, ती उलटली. पाणी दिलं, तेही उलटलं.

"चिमाची पुडी हाय का बघ गं डब्यात," आक्का म्हणाली.

"संपल्यात बाई."

"खलाला लागलेली असंल बघ थोडी."

पुतळाबाईने मला कलतं केलं, बोट फिरवलं. माझ्या तळाशी पांढरट धूळ होती, बोटावर येईल इतकीही नाही. तिने मला परत सरळ केलं.

मग पुतळाबाईने चाकणहून कांदा घेऊन पुण्याला निघालेल्या ट्रकवाल्याबरोबर चिंचवडला निरोप धाडला. चिमाजी नुकताच तापातून उठला होता. निरोप ऐकून डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सायकल नको. चल, मीच येतो."

दुपारी डॉक्टरांची फटफटी दारात थांबली. मी त्यांना सव्वा वर्षाने पाहत होतो. ते वाळले होते, डोळे लाल होते. त्यांनी आक्काची नाडी धरली. मग हाताला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजला, आणि पुन्हा एकदा मोजला.

"दाब फार कमी आहे. हे हाताला काळंनिळं कशाने झालं?"

"जरा धक्का लागला की पडतंय तसं," पुतळाबाई म्हणाली.

"यांना आधी काही औषध चालू होतं?"

"डागदराचं न्हाई काही. चिमाजी पुडी आणायचा, तेवढीच."

डॉक्टर वळले. "कसली पुडी, चिमाजी?"

मित्रांनो, मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. मला सगळं माहीत होतं. किती गोळ्या, किती दिवस, शेवटची कधी. मी दगडाचा. मी काय करणार?

चिमाजी म्हणाला, "सुंठ आणि ज्येष्ठमध, साहेब."

ते खरंच होतं, अर्धं. डॉक्टरांची नजर माझ्यावर पडली. "हा आपला खल ना?"

"हो. आक्काला मसाला कुटायला दिलाय."

डॉक्टरांनी आक्काला पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. तिचा गोल चेहरा त्यांना तिचाच वाटला. गावोगाव त्या दिवसांत फ्लूने माणसं अशीच गळून जात होती. त्यांनी मिश्रण दिलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत राहायला सांगितलं, आणि म्हणाले, "मी गावातले आणखी तीन रोगी बघून येतो. तासाभरात उतार नाही पडला तर पुण्याला न्यावं लागेल."

डॉक्टर गेले. पुतळाबाई पाणी तापवायला गेली. चिमाजी आक्काच्या उशाशी बसला.

आक्काने डोळे उघडले. "आलास व्हय रं? पुडी दे की. तुज्या पुडीनं लगीच उठते बघ मी."

त्याने खिशातून बाटली काढली. या वेळी कुटायला वेळ नव्हता. त्याने दोन गोळ्या पाण्यात विरघळवल्या आणि तिच्या तोंडाला लावल्या. तिने घोट घेतला आणि सगळं उलटलं. त्याने परत दिलं. परत उलटलं. तिचं अंग घामाने गार पडत होतं.

तेव्हा तो उठला आणि अनवाणी धावत सुटला.

डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते दोघे परत आले तेव्हा डॉक्टरांच्या तोंडाला रंग नव्हता. ते चिमाजीला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "रोज किती? किती महिने? बंद होऊन किती दिवस?" चिमाजीने सांगितलं. डॉक्टरांनी पिशवी उलटीपालटी केली. "याचं इंजेक्शन आज माझ्या पिशवीत नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात मिळेल. शिरेतून द्यावं लागेल. गाडी बघ, आत्ताच्या आत्ता."

पुतळाबाईने दारातून सगळं ऐकलं होतं. तिला डॉक्टरी नावं कळली नाहीत, पण काय घडलं ते कळलं. तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

कांद्याच्या एका ट्रकमध्ये पोती बाजूला सारून जागा केली. तिला उचलायच्या आधी चिमाजी तिच्या कानाशी वाकला.

"आक्का, ती वैद्याची न्हवती. डॉक्टरी गोळी व्हती. मी तुला खोटं सांगितलं."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजाला जोर नव्हता, पण खोली इतकी शांत होती की मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"मग सांगायचं की रं येड्या. तू दिलीस म्हणल्यावर मी घेतली असती. तू इख दिलं असतंस तरी घेतलं असतं."

ट्रक गेला. मागे चिमाजी तिच्या पायाशी होता. डॉक्टर तिच्याशेजारी, पोत्याला टेकून बसले होते. तिच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होते. भोसरी मागे पडली. दापोडीच्या पुलाच्या अलीकडे तिची नाडी लागेना. तरी डॉक्टरांनी ट्रक थांबवू दिला नाही. मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर उतरवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती मारली आणि उद्धवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. हे मी पाहिलं नाही. ट्रकवाल्याने गावात येऊन सांगितलं.

दहाव्याला, पुतळाबाईने पुढे सांगितलं तसं, इंद्रायणीच्या घाटावर सगळं गाव जमलं होतं. विधी आटोपला. माणसं उठायला लागली तेव्हा मुंडण केलेला चिमाजी उभा राहिला.

"थांबा जरा. पुडीत सुंठ व्हती, पर गुण सुंठीचा न्हवता. दवाखान्यातली गोळी कुटून घातली व्हती मी. ती एकदम बंद पडली म्हणून माझी आक्का गेली. बिरूभाऊ, तुझ्या पुडीत बी तीच हाय."

मग कोणीतरी शिवी दिली. कोणीतरी दगड उचलला. बिरू धनगर पुढे आला. त्याने चिमाजीची मनगटं धरली.

"अर्धी-अर्धी घेऊन पुरवल्या, आता माझ्याकडं चारच पुड्या उरल्यात. मी बी मरणार का रं?"

"न्हाई. डॉक्टर पायरी-पायरीनं उतरवतील. पर आजच चल."

बिरू त्याच्याबरोबर गेला. त्याची गोळी उतरवायला पाच महिने लागले. दर आठ दिवसांनी चिमाजी त्याला घ्यायला गावाच्या वेशीपर्यंत यायचा. गावात यायचा नाही. पुतळाबाईने त्याला घराचं दार बंद केलं होतं. तिनेच माझा बत्ता उचलून ओढ्यात भिरकावला. मलाही टाकणार होती, पण मी जड. मग तिने मला ढकलत ढकलत शेजारच्या आपल्या अंगणात आणलं, आणि तिथेच सोडलं.

डॉक्टरांनी चिमाजीला काढलं नाही. बिरू सांगत होता की पहिले पंधरा दिवस ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आणि स्वतःवरही त्यांचा राग होता, तो खल पाहूनही आपण आणखी एकदा का विचारलं नाही म्हणून. शेवटी त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"औषधाला हात लावायचा नाही तू. दारात बसायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, आधी काय काय घेतलंय? पुडी, काढा, मलम, काहीही. आणि ते उत्तर मला लिहून द्यायचं. माणूस लपवतोय असं वाटलं तर रागवायचं नाही. बसवून घ्यायचं, पाणी द्यायचं आणि परत विचारायचं."

आता एकोणसाठ साल चाललं आहे. चिमाजी अजून दारातच बसतो. लग्न केलेलं नाही. गेल्या महिन्यात पुतळाबाईच्या नातीला खोकला झाला. बाजारात एक माणूस खोकल्यावर रामबाण म्हणून पुड्या विकत होता. पुतळाबाईने एक घेतली, उघडली आणि जिभेला लावली. मग त्याला म्हणाली, "यात काय काय हाय ते नावासकट सांग." तो हसला आणि म्हणाला, "गुपित असतंय बाई." पुतळाबाईने पुडी त्याच्यासमोर मातीत झटकली आणि नातीला घेऊन पायी चिंचवडची वाट धरली. दोन वर्षांनी ती चिमाजीसमोर गेली. चिमाजीने मान वर न करता विचारलं, "आधी काय काय दिलंय हिला?" आणि पुतळाबाईने सगळं सांगितलं. त्याहून जास्त ती त्याच्याशी बोलली नाही.

मित्रांनो, ती पांढरी गोळी वाईट नव्हती. तिने कुसुमचा श्वास परत आणला, आक्काच्या हाताची भाकरी परत आणली. मीही वाईट नव्हतो. चिमाजीचं आक्कावर प्रेम होतं, त्यात तर तिळमात्र खोट नव्हती. एवढं सगळं चांगलं असूनही आक्का गेली. तुमच्या घरात कोणी पुडी घेत असेल, तर तिच्यात काय आहे ते विचारा. डॉक्टरांनी विचारलं तर काही झाकून ठेवू नका. रोज चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि दुसऱ्याला आपल्या मनाने देऊ नका. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्याशी त्याच्या भल्यासाठी म्हणून सुद्धा खोटं बोलू नका. त्याला निदान एकदा खरं सांगून बघा. तो ऐकेलही.

मी दगड होतो, मला बोलता येत नव्हतं. चिमाजीला येत होतं.